किरकोळ रजा

नरहर उकिडव्यांचे रजेचे अर्ज
बावीस वर्षं माझ्या टेबलावरून गेले.
लष्करी हिशेबाची कचेरी, कॅम्पातली.
कारण: घरगुती.
कारण: घरगुती.
कारण: मावशी अत्यवस्थ.

मावशी नव्हतीच. अत्यवस्थ दुसरंच कोणी असायचं,
दिव्यांच्या झोतात, उशीवर केस पसरून,
आणि उकिडवे कानातून नळ्या काढत,
मान खाली घालून म्हणायचे,
"आता सगळं त्याच्या हातात."

मला माहीत होतं. साहेबाला नव्हतं.
मी सही करायचो.

एकशे त्र्याहत्तर चित्रपट,
अर्जांवरून मोजलेले.
त्यांच्या वहीत एकशे एक्क्याऐंशी;
म्हणजे आठ रविवारी उरकले असणार.
डॉक्टर, मुनीम, फिर्यादीचा साक्षीदार नंबर दोन,
मुलगी बघायला आलेल्यांतला तो तिसरा,
जो फक्त पोहे खातो.
(पोहे खरे असत, म्हणाले. पण सकाळचे.)
सगळ्यात लांब वाक्य अकरा शब्दांचं,
तेही कापलं गेलं.
नामावलीत एकदा "उकडवे" छापलं,
एरवी "आणि इतर".

फौजदार झाले की नेहमी उशिरा.
नायकाने गुंड लोळवला, धूळ बसली,
की मग शिट्टी, मागे दोन हवालदार,
"घेऊन चला याला."
कचेरीत मात्र दहा म्हणजे दहा.

रस्त्यात लोक थबकत.
"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."
"असेल. मी पुण्यातच असतो."
लक्ष्मी रोडच्या एका कापडवाल्याने तर
सात रुपयांची जुनी उधारी मागितली,
चेहरा ओळखीचा, म्हणून.
यांनी तीन दिले. बाकी एक तारखेला, म्हणाले.
अहो, पण का?
"त्याने इतक्या खात्रीने मागितले,
मला वाक्य मोडवेना."

एकसष्टच्या पुरात नदीकाठच्या गोदामातले डबे गेले,
त्यात यांचे चार.
एकात म्हणे ते हसले होते,
जवळून, अख्खा चेहरा.
कोणी पाहिलं होतं का, मी बरेच दिवस विचारत होतो.

चौसष्टला माझी वैजू ससूनमध्ये. विषमज्वर.
हे भेटायला आले, हातात थर्मास,
तर शेजारच्या खाटेवरची बाई पदर सावरून उठली:
"डॉक्टरसाहेब, आमच्याकडं पण बघा की."
ते गेले. मनगट धरलं. घड्याळाकडे पाहिलं,
जे बंद असतं हे मला ठाऊक होतं.
मी मनात म्हटलं, ते वाक्य नको.
नरहरपंत, तेवढं एक नको.
बराच वेळ धरून होते.
"ताप उतरतोय," म्हणाले. "पेज घ्या थोडी."
मग माझ्याकडे येऊन थर्मासचं झाकण उघडलं
आणि चहा होईपर्यंत काहीच बोलले नाहीत.
वैजू वाचली.
त्या बाईचं काय झालं, मी विचारलं नाही.

गेले ते सहासष्टला, एका रविवारी.
खाती शिल्लक: साडेतीन दिवस.
किरकोळ रजा पुढच्या वर्षात ओढता येत नाही, असा नियम आहे.
मी ओढली.
हिशेब तपासणीत कोणी पकडली नाही,
किंवा पकडली आणि सोडली.

आता वैजू मला लॉ कॉलेज रोडला घेऊन जाते,
तिथल्या छोट्या हॉलमध्ये कधी जुनं काही दाखवतात.
परवा मागच्या रांगेत एक मुलगी कुजबुजली,
"हा बघ, हा सगळ्यात असतो."
मी वळणार होतो. नाव सांगणार होतो,
उकिडवे, ऱ्हस्व कि.
तेवढ्यात दार लागलं, ते बाहेर गेले,
नायिका रडू लागली.

पुढची गोष्ट मला नीटशी कळत नाही.
गाणी येतात, कोणी कोणाला सोडून जातं.
मारामारी सुरू झाली की मी ताठ बसतो,
काठी सावरतो,
आणि शिट्टीची वाट बघतो.